संख्या घटते, दबदबा टिकतो: अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षातील धार्मिक परंपरावाद्यांचे पुढे काय?

२०२४च्या जुलैमध्ये मिलवॉकी शहरात रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले. त्यात मंजूर झालेला जाहीरनामा जेमतेम १६ पानांचा होता. गर्भपातावर देशभर बंदी आणण्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करावी, ही मागणी हा पक्ष जवळपास चाळीस वर्षे करत आला होता. ती या वेळी गाळण्यात आली आणि हा प्रश्न राज्यांनी आपापल्या पातळीवर सोडवावा, अशी भूमिका घेण्यात आली. विवाह फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातच होऊ शकतो, हे कलमही गेले. ही कलमे जाहीरनाम्यात आणण्यासाठी आणि टिकवण्यासाठी ज्या मतदारांनी दोन पिढ्या खर्ची घातल्या, त्यांनी नोव्हेंबरमध्ये याच पक्षाच्या पारड्यात भरभरून मते टाकली. मतदानोत्तर पाहण्यांनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदारांपैकी दहातील आठ जणांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पसंती दिली.

ज्यांची मते सर्वांत हमखास, त्यांचीच सर्वांत जुनी मागणी कशी गळू शकते? पक्षातील धार्मिक परंपरावाद्यांचे वजन पुढे वाढेल की घटेल, याचे उत्तर बरेचसे या प्रश्नात दडलेले आहे. ते समजून घ्यायचे तर हे वजन मुळात आले कोठून, हे आधी पाहावे लागेल, कारण ते केवळ डोकी मोजून कळत नाही.

इव्हँजेलिकल म्हणजे प्रॉटेस्टंट पंथीयांपैकी ते ख्रिस्ती, जे बायबल हा अंतिम आधार मानतात, येशूवरील वैयक्तिक श्रद्धेतून माणसाचा आध्यात्मिक पुनर्जन्म होतो असे समजतात आणि आपल्या धर्माचा प्रसार करणे हे कर्तव्य मानतात. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन ही त्यांची सर्वांत मोठी संघटना आहे. परंपरानिष्ठ कॅथलिक आणि युटा राज्यात मोठ्या संख्येने असलेले मॉर्मन पंथीय हेही अनेक प्रश्नांवर त्यांच्या बाजूने उभे असतात. कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंटांपैकी कित्येकांच्या श्रद्धा इव्हँजेलिकलांशी मिळत्याजुळत्या असल्या, तरी ते प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. म्हणूनच अमेरिकी पाहण्यांत ‘गोरे इव्हँजेलिकल’ असा वेगळा गट मोजला जातो.

हा गट पूर्वीपासून रिपब्लिकनांचा नव्हता. १९७६मध्ये जॉर्जिया राज्यातील बाप्टिस्ट आणि चर्चमधील रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात शिकवणारे जिमी कार्टर डेमोक्रॅटिक पक्षातर्फे अध्यक्ष झाले, तेव्हा अनेक इव्हँजेलिकलांनी त्यांना आपला माणूस म्हणून मत दिले होते. गर्भपाताचा प्रश्नही सुरुवातीला प्रामुख्याने कॅथलिकांचा मानला जात असे. १९७१मध्ये सदर्न बाप्टिस्टांनी काही विशिष्ट परिस्थितीत कायदेशीर गर्भपाताची मुभा असावी, असा ठराव केला होता. त्यांना चिडवण्यात मोठा वाटा होता तो करसवलतीच्या प्रश्नाचा. सरकारी शाळांतील वर्णभेद न्यायालयांनी मोडून काढल्यावर दक्षिणेत गोऱ्या मुलांसाठी खासगी ख्रिस्ती शाळा निघाल्या होत्या. साउथ कॅरोलिनातील बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत वर्णभेदी नियमांमुळे १९७६मध्ये काढून घेण्यात आली आणि १९७८मध्ये अशा खासगी शाळांवर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव करविभागाने मांडला, तेव्हा विरोधाच्या पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला. व्हर्जिनियातील धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी १९७९मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली आणि गर्भपात, शाळेतील प्रार्थना, समलैंगिकता हे सगळे विषय एका झेंड्याखाली आणले. पुढच्याच वर्षी डॅलस शहरात हजारो धर्मोपदेशकांसमोर रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन यांनी सांगितले, की तुम्हाला मला पाठिंबा जाहीर करता येत नाही हे मी जाणतो, पण मी तुम्हाला पाठिंबा जाहीर करतो. करमुक्त धर्मसंस्थांनी उमेदवारांचा प्रचार करू नये, असा १९५४पासूनचा कायदा होता. त्याला धक्का न लावता रेगन यांनी सभागृह जिंकले.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती आज फार थोड्यांच्या लक्षात आहे. धर्म आणि राज्यसंस्था यांच्यामध्ये भिंत असावी, ही थॉमस जेफरसन यांची प्रसिद्ध मांडणी १८०२मधल्या एका पत्रातली आहे आणि ते पत्र कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिलेले होते. तेव्हा बाप्टिस्ट अल्पसंख्य होते, दुसऱ्या पंथाच्या राजमान्यतेचा जाच त्यांनी सोसला होता आणि ही भिंत त्यांना स्वतःच्या रक्षणासाठी हवी होती.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एवढ्या मोठ्या पक्षावर एका गटाचा इतका प्रभाव कसा पडतो? आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि शेवटच्या क्षणी कोणाच्या हाती एबी फॉर्म पडतो, यावर सगळे अवलंबून असते. अमेरिकेत उमेदवार पक्षाचे मतदारच निवडतात, प्राथमिक निवडणुकीत किंवा कॉकस नावाच्या स्थानिक सभांत. या टप्प्यावर मतदान कमी होते, आणि जेथे मतदान कमी तेथे संघटित गटाचे माप आपोआप मोठे होते.

आयोवा राज्याचे उदाहरण घ्या. लोकसंख्या सुमारे ३२ लाख. अध्यक्षपदासाठीच्या रिपब्लिकन उमेदवाराची पहिली कसोटी येथे लागते. १५ जानेवारी २०२४ रोजी संध्याकाळी कॉकस झाले, तेव्हा पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास होता. शाळेच्या व्यायामशाळेत, चर्चच्या सभागृहात, गावच्या समाजमंदिरात लोक जमले. प्रत्येक उमेदवाराच्या वतीने कोणीतरी दोन-चार मिनिटे बोलले. मग कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहून ती पेटीत टाकायची आणि मोजणी तेथेच सर्वांसमक्ष करायची. राज्यभरात सुमारे १ लाख १० हजार लोक आले, म्हणजे राज्यातील नोंदणीकृत रिपब्लिकनांचा एक छोटा हिस्सा. चिठ्ठ्या मोजून झाल्यावर बहुतेक जण घरची वाट धरतात. जे थांबतात, ते पक्षाच्या स्थानिक समितीचे सदस्य आणि जिल्हा अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडतात, जाहीरनाम्यासाठी ठराव मांडतात. आठवड्यातून दोनदा चर्चला जाणारी, एकमेकांना ओळखणारी, थंडी-वाऱ्याची पर्वा न करता येणारी माणसे शेवटपर्यंत थांबतात. धार्मिक परंपरावाद्यांनी पक्षाची यंत्रणा हाती घेतली ती अशीच, एकेक खुर्ची धरून. १९८८मध्ये दूरचित्रवाणीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी याच आयोवात जॉर्ज बुश थोरल्यांना तिसऱ्या क्रमांकावर ढकलून दुसरा क्रमांक पटकावला आणि पुढच्या वर्षी ‘ख्रिश्चन कोअलिशन’ ही संघटना उभी करून हेच तंत्र देशभर नेले.

मात्र या तंत्राची मर्यादाही आयोवातच दिसते. २००८मध्ये माइक हकबी, २०१२मध्ये रिक सँटोरम आणि २०१६मध्ये टेड क्रूझ या तिघांनी धार्मिक मतदारांच्या बळावर आयोवा जिंकले; पक्षाची उमेदवारी तिघांपैकी एकालाही मिळाली नाही. उमेदवार आपल्यातलाच हवा, हा हट्ट या गटाला सर्वोच्च पदापर्यंत पोहोचवू शकला नाही. मग सौद्याचे स्वरूप बदलले. माणूस कसाही असो, त्याने आम्हाला न्यायाधीश द्यावेत, असा नवा व्यवहार ठरला.

त्याची चुणूक २००५मध्येच दिसली होती. तेव्हाचे अध्यक्ष धाकटे जॉर्ज बुश यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी हॅरिएट मायर्स यांचे नाव सुचवले, तेव्हा त्यांच्या मतांबद्दल खात्री नसल्याने परंपरावाद्यांनी एवढा गदारोळ केला, की ते नाव मागे घ्यावे लागले आणि सॅम्युएल अलिटो यांची नेमणूक झाली. २०१६च्या मे महिन्यात ट्रम्प यांनी पुढची पायरी गाठली आणि आपण कोणाला न्यायाधीश करू शकतो, त्या ११ जणांची यादीच निवडणुकीआधी जाहीर केली. तीनदा विवाह केलेल्या, चर्चच्या संस्कृतीशी फारसा संबंध नसलेल्या या उद्योगपतीला धार्मिक मतदारांनी का स्वीकारले, याचे मोठे कारण ती यादी आणि उपाध्यक्षपदासाठी निवडलेले माइक पेन्स हे होते. ट्रम्प यांनी शब्द पाळला. गॉर्सच, कॅव्हनॉ आणि बॅरेट हे तीन न्यायाधीश आले आणि २४ जून २०२२ रोजी न्यायालयाने १९७३चा ‘रो विरुद्ध वेड’ खटल्याचा निकाल उलटवून गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला.

ज्या मागणीने चळवळ एकत्र बांधली होती, ती पूर्ण झाली आणि खरी अडचण तेथून सुरू झाली. जोवर निर्णय न्यायालयाच्या हाती होता, तोवर रिपब्लिकन नेत्यांना कडक भूमिका घेणे सोपे होते, कारण तिचे परिणाम भोगावे लागत नव्हते. आता प्रश्न थेट मतदारांपुढे आला. अवघ्या सहा आठवड्यांत, २ ऑगस्ट २०२२ रोजी, कॅन्सस या पक्क्या रिपब्लिकन राज्यात सार्वमत झाले आणि राज्यघटनेतील गर्भपाताचे संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळला. पुढच्या वर्षी ओहायोने गर्भपाताचा हक्क आपल्या राज्यघटनेत घातला. २०२४मध्ये दहा राज्यांत या हक्काच्या बाजूचे प्रस्ताव मतदानाला आले आणि सात राज्यांत ते मंजूर झाले. फ्लोरिडात बाजूने सुमारे ५७ टक्के मते पडूनही ६० टक्क्यांच्या अटीमुळे प्रस्ताव पडला. यापूर्वी फेब्रुवारीत अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेत गोठवलेले भ्रूण हेही कायद्याच्या दृष्टीने अपत्यच, असा निकाल दिला होता. टेस्ट ट्यूब पद्धतीने अपत्यप्राप्तीचे उपचार करणाऱ्या काही दवाखान्यांनी काम थांबवले आणि तेथील रिपब्लिकन विधिमंडळाला काही आठवड्यांत दवाखान्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. ज्या दांपत्यांचे उपचार मध्येच थांबले, त्यांच्या मनःस्थितीचा विचार केला म्हणजे तत्त्वाच्या काटेकोरपणाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे कळते. मिलवॉकीच्या जाहीरनाम्यातील काटछाट या सगळ्यातून आली.

पण मतदार नाराज झाले, तर पक्षाला भीती का वाटली नाही? कारण नाराज होऊन ते जाणार कोठे, हे पक्षाला ठाऊक होते. दोनच पक्षांच्या व्यवस्थेत जो गट दुसऱ्या पक्षाकडे जाण्याची धमकी देऊ शकत नाही, तो गृहीत धरला जातो. कृष्णवर्णीय मतदारांना डेमोक्रॅटिक पक्षाबद्दल हीच तक्रार अनेक दशके आहे. धार्मिक मतदारांच्या बाबतीत आणखी एक बदल झाला. पूर्वी त्यांच्या वतीने बोलणी करणारे नेते होते आणि मतदार त्यांचे ऐकत. २०२३मध्ये आयोवातील सर्वांत वजनदार इव्हँजेलिकल नेते बॉब व्हँडर प्लाट्स यांनी उमेदवारीच्या शर्यतीत ट्रम्प यांच्याविरुद्ध उतरलेले फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांना पाठिंबा दिला, आयोवाच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनीही दिला. तरी ट्रम्प यांनी राज्यातील ९९पैकी ९८ काउंट्या (म्हणजे जिल्हे) जिंकल्या आणि इव्हँजेलिकलांची बहुसंख्य मते मिळवली. पेन्स यांना तर आयोवापर्यंतही टिकता आले नाही. ऑक्टोबर २०२३मध्येच त्यांनी माघार घेतली. मतदारांचे नाते आता मधल्या नेत्यांना वगळून थेट ट्रम्प यांच्याशी जुळले आहे, आणि जेथे मध्यस्थाला किंमत उरत नाही, तेथे सौदाही उरत नाही.

याची दोन ठळक उदाहरणे २०२५मध्ये दिसली. आफ्रिकेतील एड्सग्रस्तांवर उपचार करणारा पेपफार हा कार्यक्रम धाकट्या बुश यांनी २००३मध्ये सुरू केला, तेव्हा इव्हँजेलिकलांच्या पाठिंब्याचा त्यात मोठा वाटा होता आणि त्यातून असंख्य जीव वाचले. सत्तेवर परतल्यावर ट्रम्प प्रशासनाने परदेशी मदत गोठवली, तेव्हा या कार्यक्रमाला आणि कित्येक ख्रिस्ती सेवाभावी संस्थांनाही झळ बसली, पण या मतदारांचा एकूण कल हलला नाही. दुसरे उदाहरण गर्भपाताच्या गोळ्यांचे. देशभर निर्बंध येतील, या आशेवर असलेल्या गर्भपातविरोधी संघटनांना त्याऐवजी मिफेप्रिस्टोन या औषधाच्या आणखी एका जेनेरिक आवृत्तीला सरकारी परवानगी मिळालेली पाहावी लागली. संघटना संतापल्या, पण त्या संतापाची धग मतपेटीपर्यंत पोहोचेल, अशी चिन्हे दिसली नाहीत. माझ्या मते या नात्यात सर्वांत मोठे नुकसान श्रद्धेचेच झाले आहे. दुर्बलांची सेवा हा ज्या धर्माचा गाभा, त्याच्या अनुयायांचा आवाज नेमका तेथेच क्षीण होणे ही वेदनादायक गोष्ट आहे.

संख्येचे काय? पीआरआरआय या संशोधन संस्थेच्या पाहण्यांनुसार गोऱ्या इव्हँजेलिकलांचे लोकसंख्येतील प्रमाण २००६मध्ये सुमारे २३ टक्के होते, ते आता १३-१४ टक्क्यांवर आले आहे. सदर्न बाप्टिस्टांची सदस्यसंख्या २००६मध्ये १ कोटी ६३ लाखांच्या शिखरावर होती, ती २०२४पर्यंत १ कोटी २७ लाखांवर उतरली. प्यू संशोधन केंद्राच्या अभ्यासानुसार स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००७मध्ये ७८ टक्के होते, २०२३-२४मध्ये ते ६२ टक्के राहिले, आणि कोणत्याही धर्माशी संबंध न सांगणारे १६वरून २९ टक्क्यांवर गेले. मात्र २०१९च्या सुमारापासून ही घसरण थबकल्यासारखी दिसते. शिवाय हे मतदार वयाने मोठे असल्याने मतदानाला नेमाने जातात आणि मतदारांमधील त्यांचा वाटा लोकसंख्येतील वाट्याहून मोठाच राहतो. प्यूलाच असेही आढळले, की २०१६ ते २०२० या काळात ट्रम्प यांच्या काही गोऱ्या समर्थकांनी नव्याने स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवून घेण्यास सुरुवात केली. ही ओळख श्रद्धेइतकीच राजकीय होत चालली आहे, आणि चर्चचे बाक रिकामे झाले म्हणून ती लगेच पुसली जाणार नाही.

माझा अंदाज असा, की राष्ट्रीय जाहीरनाम्यावरचा या गटाचा पगडा सैल होत जाईल, पण राज्यांत तो घट्ट राहील, काही ठिकाणी वाढेलही. टेक्सासमध्ये काय घडले ते पाहा. खासगी शाळांच्या शुल्कासाठी सरकारी पैसा देण्याच्या योजनेला नोव्हेंबर २०२३मध्ये २१ रिपब्लिकन आमदारांनी विरोध केला. त्यांतले बरेचसे ग्रामीण भागातले होते, जेथे सरकारी शाळा हाच गावाचा आधार असतो. २०२४च्या प्राथमिक निवडणुकीत गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी आपल्याच पक्षाच्या या आमदारांविरुद्ध उमेदवारांना बळ दिले, त्यांतले कित्येक जण पडले आणि २०२५मध्ये एक अब्ज डॉलरची योजना मंजूर झाली. धार्मिक शाळा तिच्या मोठ्या लाभार्थी ठरतील. पैसा आणि गव्हर्नरांची ताकद यांचा त्यात मोठा हात होता हे खरे, पण अल्प मतदानाच्या प्राथमिक निवडणुकीशिवाय हे साधले नसते.

दुसरी वाट न्यायालयाची आहे. लुईझियानाने २०२४मध्ये आणि टेक्सासने २०२५मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञांचा फलक लावण्याचा कायदा केला. केंटकी राज्याचा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये रद्द केला होता, हे या आमदारांना पुरेपूर माहीत होते. आधी जुन्या निकालाशी विसंगत कायदा करायचा, कोणीतरी आव्हान देईलच, मग ते प्रकरण बदललेल्या न्यायालयापुढे न्यायचे, ही रीत आहे. ‘रो’चा निकालही मिसिसिपीच्या अशाच कायद्यातून उलटला. टेक्सासच्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या पालकांत ज्यू आणि ख्रिस्ती कुटुंबांबरोबर हिंदू कुटुंबेही आहेत. डॅलस आणि ह्यूस्टन परिसरात स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले याच सरकारी शाळांत शिकतात. तेव्हा हा विषय परक्यांचा म्हणून आपल्याला बाजूला सारता येत नाही.

प्रत्येक मागणीला मात्र यश येईलच असे नाही. २०१५मध्ये मान्य झालेला समलिंगी विवाहाचा हक्क रद्द व्हावा, असा ठराव सदर्न बाप्टिस्टांनी जून २०२५मध्ये केला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दिशेने आलेली याचिका ऐकण्यास नकार दिला. २०२२मध्ये या विवाहांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या बाजूने रिपब्लिकन पक्षाच्या १२ सिनेटरांनी आणि ३९ प्रतिनिधींनी मत दिले होते. स्वतःच्या नात्यातल्या, शेजारच्या घरातल्या माणसांचे संसार मोडायला पक्षाचा सर्वसाधारण मतदारही उत्सुक नाही.

या गटाचा चेहराही बदलतो आहे. उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी २०१९मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला, परराष्ट्रमंत्री मार्को रुबियोही कॅथलिक आहेत, आणि २०२८च्या उमेदवारीसाठी या दोघांची नावे पुढे आहेत. लॅटिनो समाजातील प्रॉटेस्टंटांनी २०२४मध्ये बहुमताने ट्रम्प यांना मत दिले. गोऱ्यांच्या घटत्या संख्येची भरपाई येथून होईल, असा पक्षाचा हिशेब आहे. परंतु चर्चमध्ये जाऊन स्थलांतरितांना अटक करू नये, हा जुना दंडक जानेवारी २०२५मध्ये प्रशासनाने मागे घेतला आणि त्याची धास्ती सर्वाधिक लॅटिनो चर्चनाच बसली. कॅथलिक बिशपांनी नोव्हेंबरमध्ये सरसकट हद्दपारीला उघड विरोध केला. या गटात एखादी फट पडायची असेल, तर ती गर्भपातापेक्षा स्थलांतराच्या प्रश्नावर पडण्याची शक्यता मला अधिक वाटते, कारण येथे प्रश्न रविवारी शेजारच्या बाकावर बसणाऱ्या माणसाचा आहे.

ट्रम्प यांना घटनेनुसार पुन्हा निवडून येता येणार नाही. त्यांच्यानंतरच्या उमेदवाराला तो थेट जिव्हाळा वारशाने मिळणार नाही, तो आयोवात आणि दक्षिणेतल्या राज्यांत मिळवावा लागेल. म्हणजे मधल्या नेत्यांना आणि संघटनांना बोलणी करायची संधी २०२८मध्ये परत मिळेल. ते काय मागतील, याचा अंदाज बांधता येतो. सर्वोच्च न्यायालयातील क्लॅरेन्स थॉमस यांचा जन्म १९४८चा आणि अलिटो यांचा १९५०चा. न्यायाधीशांची नेमणूक तहहयात असते आणि बॅरेट नेमल्या गेल्या तेव्हा अवघ्या ४८ वर्षांच्या होत्या. त्या वयाचे आणखी दोन न्यायाधीश आले, तर आज शाळेत जाणारी मुले चाळिशीत पोहोचतील तेव्हाही गर्भपात, विवाह आणि शाळेतील धर्म यांवरचे निकाल तेच देत असतील, मग तोवर चर्चला जाणाऱ्यांची टक्केवारी कितीही खाली आलेली असो.